न उघडलेली बाटली

स्टेनमोला
रविवार, २१ एप्रिल १९७४

श्रीमती टीरा रास्क यांस,

आज सकाळी दव गोठलं होतं. ऊन वर आल्यावर वितळलं. कॉफी घेतली, पायऱ्या झाडल्या आणि बियाण्याचे बटाटे वर आणायला तळघरात गेलो. बटाटे उजेडात पसरायला यंदा उशीर झाला आहे. ते काम एल्नाचं असे.

फेब्रुवारीत एल्नाच्या अंत्यविधीला तुम्ही पाठवलेलं पुष्पचक्र पोचलं होतं. मी नुसतं छापील आभाराचं कार्ड पाठवलं. त्यावर दोन ओळी लिहायला हव्या होत्या, पण सुचल्या नाहीत. तुम्ही समजून घ्याल.

आपला परिचय फारसा नाही. तुम्ही आणि एल्ना काचकारखान्याच्या अ‍ॅसिडच्या खोलीत बरीच वर्षं बरोबर होतात, एवढं मला माहीत आहे. तिथे नेमकं काय करायचात हे मी कधी विचारलं नाही. मी भूमापन कचेरीत नकाशे काढायचो आणि तिनेही मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. संध्याकाळी आम्ही बागेबद्दल बोलायचो.

आता विचारायचं कारण असं. तळघरात बटाट्यांच्या पेटीमागे, खालच्या फळीवर, मला जाड पांढऱ्या प्लास्टिकची एक बाटली सापडली. झाकण काळं आहे आणि त्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली आहे. वर नावाची चिठ्ठी नाही. जरा कलती करून पाहिली, भरलेली आहे. शेजारी एका खोक्यात पेंढ्यात ठेवलेला काचेचा वाडगा आहे. तो आतून-बाहेरून काळ्या रोगणाने माखला आहे, आणि एका बाजूला सुईने रेषा कोरल्या आहेत. रोगण निघून तिथे काच दिसते. काम तिचंच आहे, कारण खोक्यावर तिचा चष्मा होता. तो चष्मा आम्ही नाताळापासून शोधत होतो.

हा वाडगा अर्धवट आहे असं मला वाटतं. तो पूर्ण कसा करतात? आणि ते मला करता येईल का? इतकी वर्षं ती काचेवर काम करत होती, पण तिने केलेली एकही वस्तू या घरात नाही. सगळं विकायला जायचं. हा एकच राहिला आहे. तो पूर्ण झालेला मला पाहायचा आहे.

फोन करू नका. माझा डावा कान गेला आहे आणि उजवा फोनवर घोटाळे करतो.

आपला,
वाल्फ्रिड एकमान


हेर्न्योसांद
२४ एप्रिल

श्री. एकमान,

तुमचं पत्र वाचता वाचता मी खुर्चीतून उठले. बहीण म्हणाली, कोण गेलं? म्हटलं, अजून कोणी नाही.

बाटलीला हात लावू नका. पुन्हा कलतीही करू नका. त्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड आहे. दुसरं काही असूच शकत नाही. काचेच्या बाटलीत ते ठेवता येत नाही, कारण ते काचच खातं. म्हणून प्लास्टिक. आमच्या आधीच्या बायका त्यासाठी शिशाची भांडी वापरायच्या. तुमचा वाडगा त्यात बुडवला की रोगण असलेली काच वाचते आणि जिथे सुईने रोगण काढलंय तिथली काच खाल्ली जाते. ती रेष मग धुरकट दिसते. एवढीच सगळी कला आहे.

आणि नाही, तुम्हाला ते करता येणार नाही. बशीत ओतून ब्रशने लावू असं मनात आलं असेल तर काढून टाका. बशीच राहणार नाही. त्याची वाफ छातीत जाते, थेंब कातडीतून हाडापर्यंत जातो. आमच्याकडे रबरी एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, तोंडासमोर पारदर्शक ढाल आणि डोक्यावर गरगरणारा पंखा होता, आणि तरीही रोज आत जाताना हातमोज्यांत पाणी भरून पाहायचो, कुठून ठिबकतंय का. एल्ना तर दोनदा भरायची. मी म्हणायचे, अगं, तू मोजे धुतेस की तपासतेस? एवढं करूनही वर्षानुवर्षांच्या धुण्या-पुसण्याने आमच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली. माझ्या हातातून अजून पावाचा कागद सटकतो.

आणि पहिला नियम म्हणजे ते एकटीने कधी उघडायचं नाही. एकीने बुडवायचं, दुसरीने मागे नळाशी उभं राहायचं, हातात कॅल्शियमचं मलम घेऊन. दुसरी बाई आजारी असली तर त्या दिवशी काम बंद. मुकादम कितीही ओरडो.

म्हणून तर मला कळत नाही. मी एकदा मोज्याशिवाय रिकामी बादली उचलली म्हणून जी बाई दिवसभर माझ्याशी बोलली नाही, तिने ते बटाट्यांशेजारी ठेवलं? झाकणावरची पट्टी अजून तशीच आहे ना? मग तिने ते उघडलंच नाही. गेल्या उन्हाळ्यात ती मला सारखी बोलवत होती. ये, एक छोटं काम आहे, दोघींचं. काय काम ते सांगेना. माझा गुडघा दुखत होता, मी पुढच्या वर्षी म्हटलं.

मी सिक्स्टेनला लिहितेय. तो आता कारखान्यात अ‍ॅसिडच्या खोलीचा प्रमुख आहे, आम्हीच त्याला शिकवलंय. तो येऊन बाटली नेईल. तोवर तळघराचं दार उघडं ठेवा आणि आत जाऊ नका. वाडगा हवा तर एकदाच जाऊन घरात आणा, तो निरुपद्रवी आहे. त्यावर काय कोरलंय ते मला सांगा.

टीरा रास्क


स्टेनमोला
रविवार, २८ एप्रिल

श्रीमती रास्क,

तुमच्या सूचना मिळाल्या. बाटलीला हात लावलेला नाही. वाडगा वर आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आहे.

त्यावर काय आहे ते मी चार दिवस पाहतो आहे. मला वाटतं, तो नकाशा आहे. मधल्या लहान वळशापासून रेषा एकीभोवती एक बाहेर पसरत जातात. कुठे जवळ येतात, कुठे लांब. आमच्या कामात समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या अशा रेषा काढतात, त्यामुळे माझी चूक होणार नाही. ही एक टेकडी आहे, पश्चिमेकडून चढाला तीव्र, आणि तिला आडवी छेदणारी रेष म्हणजे ओढा. तिच्याशेजारी तेवढाच मोठा एक लांबट गोल आहे, त्यातलं रोगण पूर्ण खरवडून काढलंय आणि आत एकही रेष नाही. तो तलाव असणार. पाण्यावर उंचीच्या रेषा काढत नाहीत, हे एल्नाला ठाऊक होतं हे पाहून मला आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं. माझ्या टेबलावरचे नकाशे ती कधीतरी पाहत असणार.

पण कुठली टेकडी ते सापडत नाही. आमच्या जिल्ह्याचे सगळे नकाशे काढून पाहिले. दोन जागा जवळपास वाटल्या, पण एकीच्या शेजारी तलाव नाही आणि दुसरीचा चढ उलट्या बाजूला आहे. रेषा पातळ कागदावर जशाच्या तशा उतरवून सोबत पाठवतो आहे. तुमच्या आणि तिच्या ओळखीची एखादी जागा असेल, सहलीला गेला असाल, तर कळवावं.

आज सकाळी राहिलेले बटाटे आणायला तळघरात मिनिटभर जावं लागलं. तुम्ही जाऊ नका म्हटलं होतं, पण ते बटाटे मागे राहिले असते तर यंदा लागवड झाली नसती. बाटलीखाली फळीवर ओलं वर्तुळ होतं आणि त्याचा ओघळ पेटीकडे निघाला होता. तो मी फडक्याने पुसला. आधी जरा घाबरलो होतो, पण हाताला काहीही झोंबलं नाही, तेव्हा ते तळघराचं साधं पाणी असावं. वसंतात भिंतींना पाझर फुटतोच.

आपला,
वाल्फ्रिड एकमान

ता. क. सोमवार सकाळ. पत्र आज टपालात टाकतो. उजवा अंगठा नखाखाली ठणकतो आहे. काल वाफे खणले, त्याचं असेल.


हेर्न्योसांद
मंगळवार, ३० एप्रिल

वाल्फ्रिड,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुला सगळं कळलेलं असेल. तरी लिहिते, नाहीतर मला बसवणार नाही.

टपाल जेवणाच्या वेळी आलं. तुझी ता. क. वाचली आणि कारखान्यात फोन लावला. सिक्स्टेन वसंताच्या सणाच्या, संध्याकाळच्या शेकोटीसाठी लाकडं रचायला गेला होता, त्याला मैदानातून बोलावून आणायला लावलं. मी फोनवर काय काय ओरडले ते बहिणीने ऐकलंय. ती म्हणते, चर्चमध्ये जाऊन ये. तो मलम घेऊन निघालाय. तुला इस्पितळात पोचवून मगच मला फोन करेल. मी फोनशेजारी बसून लिहितेय.

चूक माझी आहे. मी तुला सगळं लिहिलं, हातमोजे, वाफ, बशी, आणि हेच लिहिलं नाही. हे अ‍ॅसिड पातळ असलं की लगेच झोंबत नाही. आधी काहीच होत नाही. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो आणि मग ते आत पोचल्यावर ठणका सुरू होतो. आमच्या खोलीत हे कोणी कोणाला सांगत नसे. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक असायचं. शिजवताना आग गरम असते हे जसं कोणी लिहून कळवत नाही, तसं. म्हणून माझ्या मनातच आलं नाही.

तुला तू म्हणतेय. मी वयाने मोठी आहे, तेव्हा ‘तू म्हणू या का’ असं विचारण्याचा मान माझा, पण आज विचारायला वेळ नाही. ज्या माणसासाठी मी इतकी ओरडले त्याला श्रीयुत म्हणणं आता जमणार नाही. तूही टीरा म्हण.

फोन वाजतोय.

सिक्स्टेन होता. अंगठा राहील म्हणतात. नख जाईल. बाहेर शेकोट्या पेटल्यात, बहीण बोलावतेय. मी जात नाही.

टीरा


स्टेनमोला
रविवार, १२ मे

टीरा,

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. तू म्हणायला अवघड जातं, पण प्रयत्न करतो.

काल घरी आलो. अंगठ्याला मोठी पट्टी आहे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सिक्स्टेनने तोंड उघडण्याआधीच माझा अंगठा पाहून त्यांनी कारखान्याचं नाव विचारलं. या भागात असे अंगठे येतात, म्हणाल्या. नख काढलं, मग कातडीखाली कॅल्शियमची इंजेक्शनं दिली. दुखलं. टोकावरची कातडी गेली आहे, पण नवी येईल. मला रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, घरी दुसरं कोणी नव्हतं का? मी नाही म्हटलं.

सिक्स्टेन बाटली घेऊन गेला. पूर्ण पोशाख चढवून तळघरात उतरला, बाटली चुना भरलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली आणि फळीवरही चुना टाकला. बाटलीच्या बुडाला केसाएवढी चीर गेली होती, प्लास्टिक जुनं झालं होतं. झाकणावरची पट्टी शाबूत होती. त्याने मला ती दाखवली. म्हणाला, एल्नाने हे कधी उघडलंच नव्हतं. तुझा अंदाज बरोबर निघाला. पेटीतले उरलेसुरले बटाटे त्याने फेकायला लावले. वर आणलेले ठीक आहेत.

इस्पितळात पडल्या पडल्या एक गोष्ट आठवली, ती तुला विचारायची आहे. इथे भांडी एल्ना घासायची आणि मी पुसायचो. तिची पाठ माझ्याकडे असे. मध्येच ती मागे न वळता विचारायची, “मागे आहेस?” रोज. मला वाटायचं, मी पुसायचं सोडून अंगणात सटकेन अशी तिला शंका आहे. मी म्हणायचो, जाणार कुठे. कधी म्हणायचो, रेडिओ ऐकतोय. मग माझे कान गेले. नळ चालू असला की मला तिचा प्रश्न ऐकू यायचा नाही, तेव्हा ती वळून पाहायला लागली. पाहायची आणि परत कामाला लागायची. हे तुमच्या खोलीतलं काही होतं का?

वाडगा टेबलावरच आहे. टेकडी अजून सापडलेली नाही. शेजारच्या जिल्ह्याचे नकाशे कचेरीतून मागवले आहेत.

वाल्फ्रिड


हेर्न्योसांद
१७ मे

वाल्फ्रिड,

तुझी उत्तरं चूक होती. जाणार कुठे, म्हणे. उत्तर एकच असतं, “आहे.” बाकी काही बोललास तर बुडवणारीला वाटतं, मागची बाई गप्पांच्या नादात आहे.

हे आमच्या खोलीतलंच. हात अ‍ॅसिडच्या टाकीवर असताना मागे वळायचं नाही, वळलं की थेंब उडतो. आणि मागची नळाशी आहे की चहा टाकायला गेली हे तर कळायला हवं. म्हणून विचारायचं, “मागे आहेस?” आणि तिने म्हणायचं, “आहे.” तेवढं ऐकलं की मग बुडवायचं. दिवसातून किती वेळा, कोण जाणे. एल्नाच्या मागे मी आणि माझ्या मागे एल्ना. तुझ्या कचेरीत तुझ्या मागे असं कोण उभं असायचं रे? कोणी नाही. म्हणून तुला कळलं नाही. पण तिने ते घरी नेलं हे मला माहीत नव्हतं. मला ती कधी म्हणाली नाही.

आता मी तुला एक विचारते. यावेळच्या पाकिटावर तुझा अंगठा का नाही?

कळलं, पट्टी आहे. पण तुला ठाऊक तरी आहे का, तू पाकीट चिकटवून वर अंगठा दाबतोस, आणि तुझ्या अंगठ्याला कायम शाई असते? नोकरी सुटून वर्षं झाली तरी असते. तू मोजणीला रानात असायचास तेव्हा एल्नाला पत्रं यायची. जेवणाच्या सुट्टीत ती आम्हाला पत्र नाही, पाकीट दाखवायची. आम्ही चिडवायचो, आत हवामान आणि बाहेर अंगठा. पत्रात तुझ्या खरंच हवामानच असायचं, तिनेच एकदा वाचून दाखवलं. ती म्हणायची, असू दे, सही खरी आहे.

तर परवा मी तुझं अंगठा नसलेलं पाकीट पाहिलं आणि मला चुकल्यासारखं वाटलं. म्हणून तुझं आधीचं पाकीट काढलं. मग तो पातळ कागद काढला. दोन्ही खिडकीशी धरले. बराच वेळ धरून होते. बहीण म्हणाली, कॉफी थंड झाली.

वाल्फ्रिड, नकाशे मागवायचं बंद कर. तो नकाशा नाही. बाकी मी पत्रात लिहिणार नाही. तुला ते काचेवर दिसलं पाहिजे, शाईत नाही.

गुडघा गेला खड्ड्यात. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतेय. सिक्स्टेनला विचारलंय, शनिवारी कारखाना बंद असतो, तो खोली उघडून देईल. माझ्या मागे उभं राहायला कोणीतरी लागेल. सिक्स्टेन म्हणाला मी राहतो. मी म्हटलं, तू पंखा सांभाळ.

टीरा


स्टेनमोला
गुरुवार, २३ मे

टीरा,

आज सणाची सुट्टी. चर्चच्या घंटा वाजल्या, त्या मला ऐकू आल्या. बटाटे लावून झाले.

ये. स्टेशनवर घ्यायला येईन. वरची खोली हवेशीर करून ठेवतो. मी खाली झोपेन. पलंगाची एल्नाची बाजू मऊ आहे, गुडघ्याला ती बरी.

नकाशा नाही, तर काय आहे ते मी विचारत नाही. पण वाडग्यासमोर बसून जेवतो आणि पाहतो. नकाशा नाही असं कळल्यावर त्या रेषा मला वाचता येईनाशा झाल्या आहेत. पूर्वी निदान चढ कुठे ते कळत होतं.

उत्तर पाठ केलं आहे.

वाल्फ्रिड


स्टेनमोला
रविवार, ९ जून

टीरा,

सकाळी तुला गाडीत बसवून परत आलो. येताना दुकान बंद होतं. बटाट्यांना कोंब फुटून वर आले आहेत, काल घाईत पाहिलं नव्हतं. दुपारी झोपलो. तू गाडीत असताना हे लिहितो आहे, म्हणजे तू पोचल्यावर लगेच मिळेल. कालचं मला नीट बोलता आलं नाही.

तू हातमोज्यांत पाणी भरून दोनदा पाहिलंस. सिक्स्टेन हसला. तू म्हणालीस, एकदा माझ्यासाठी आणि एकदा तिच्यासाठी. मग मला एप्रन बांधलास, ढाल लावलीस, नळ कुठे फिरतो ते दाखवलंस आणि मलम हातात दिलंस. मी नळावर डावा हात ठेवला. उजव्या हाताला अजून भरवसा नाही. तुझी पाठ माझ्याकडे होती. पंख्याचा आवाज मोठा होता. मला भीती अ‍ॅसिडची नव्हती. तू विचारशील आणि मला ऐकू येणार नाही, याची होती. म्हणून मी तुझ्या खांद्यांकडे पाहत राहिलो. एल्नाचेही खांदे विचारायच्या आधी थोडे वर व्हायचे, हे मला तेव्हा आठवलं. इतकी वर्षं मी ते पाहत होतो.

तू विचारलंस, “मागे आहेस?”

मला ऐकू आलं की नाही, खात्रीने सांगता येणार नाही. खांदे वर झाले आणि मी “आहे” म्हटलं.

तू तीनदा विचारलंस. सिक्स्टेन म्हणाला, एवढ्याशा वाडग्याला एकदाही पुष्कळ झालं असतं. तू त्याला म्हणालीस, गप रे, पंख्याकडे बघ.

मग पाणी, चुन्याचं पाणी, परत पाणी. रोगण टर्पेंटाइनने पुसायला तू मला दिलंस, कारण तेवढं निरुपद्रवी होतं. मी पुसलं. काच उजेडाकडे धरली. रेषा पांढऱ्या, धुरकट उमटल्या होत्या. तरीही मला टेकडीच दिसत होती. तेव्हा तू पिशवीतून माझं एप्रिलमधलं पाकीट काढून काचेशेजारी धरलंस.

माझ्या अंगठ्याचा ठसा. मधला वळसा, आणि जिथे मी पश्चिमेचा चढ म्हणालो होतो तिथे रेषा दाटलेल्या. लहानपणी कापलं होतं त्याची आडवी खूणही आहे. तिला मी ओढा समजत होतो. तिने तो कुठल्या तरी जुन्या पाकिटावरून उतरवला असणार, भिंग घेऊन. चष्मा म्हणून तिथे होता. मी उभा जन्म अशा रेषा काढल्या आणि माझ्याच हातावरच्या ओळखल्या नाहीत.

शेजारचा तलाव कोणता ते मी विचारलं, तेव्हा तू मोजा काढलास आणि तुझा अंगठा काचेवर त्या गोलाशेजारी टेकवलास. गुळगुळीत, एकही रेष नाही. तू म्हणालीस, “आमचा असाच उमटतो.” मग तू बाहेर गेलीस. सिक्स्टेन पंखा बंद करायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

मी तिचा हात पुष्कळदा धरला आहे. बोटं मऊ आहेत एवढंच मला वाटायचं.

वाडगा टेबलावर आहे. त्यात काय ठेवणार असं तू स्टेशनवर विचारलंस. सध्या तळघराची आणि मागच्या दाराची चावी ठेवली आहे. तुला दुसरं काही सुचलं तर कळव. पट्टी उद्या निघेल. आत नवी कातडी आली आहे, गुलाबी, अजून तिच्यावर काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात रेषा परत येतील, वेळ लागतो. तोवर पाकिटावर डावा अंगठा उमटेल. तो कोणाचा म्हणून बहिणीने विचारलं तर सांग.

पुढच्या उन्हाळ्यात ये. काम काही नाही, तरीही ये.

ओट्यावर सकाळचे दोन कप आहेत. ते घासायला उठतो.

वाल्फ्रिड